अंगठ्यावरची सोनी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना जंतूकाका म्हणायचे, आणि काकांची त्याला हरकत नव्हती. विहिरींचं, नळांचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि काका त्यातले जंतू हुडकायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. होती ती एक सोनी, प्रयोगशाळेच्या फ्रिजमधल्या वरच्या कप्प्यातल्या काचेच्या नळीत. तिला ते तळहातावरच्या फोडासारखं जपत.

सोनीचा जन्म थट्टेतला. काका चष्मा घरी विसरले म्हणून बायको तो द्यायला आली होती. काकांनी तिचा अंगठा जंतूंच्या खाद्याच्या बशीत दाबून घेतला. दोन-तीन दिवसांत ठशावर एक पिवळाधमक ठिपका उगवला. सूक्ष्मदर्शकाखाली नुसते गोल दाणे, जागचे न हलणारे. काकांनी घरी येऊन त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव ऐकवलं, आधी कुळाचं, मग जातीचं.

"अगबाई, आधी आडनाव! आणि घरात काय म्हणायचं?"

"जंतूंना कुणी घरी आणतं का?"

"सोनी म्हणू या. बसल्या जागेवरून हलत नाही ना? म्हणजे तुमच्यावरच गेलीय."

पुढे ती गेली, सोनी राहिली. जुन्या नळीतलं खाद्य संपायच्या आत काका तिचं बिऱ्हाड ताज्या नळीत हलवायचे. पिवळा रंग दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी नळी नव्या सहकारी मुलीपुढे धरली. "हिला सांभाळशील?"

"सांभाळीन की, काका. पण आधी शुद्ध आहे का बघू या. तुमचाच नियम."

नळीतला पिवळा कण पाण्याच्या थेंबात कालवून काका हसत सूक्ष्मदर्शकाशी बसले. थेंबात बारीक कांड्या पोहत होत्या. सरळ धावायच्या, गिरकी घ्यायच्या, दिशा बदलायच्या, आणि हवेचा सुगावा लागल्यासारख्या थेंबाच्या काठाशी गर्दी करायच्या. गोल दाणा औषधालाही नव्हता.

पाण्यातलाच कुणी पिवळा परका केव्हातरी नळीत शिरला होता आणि सोनीला संपवून तिच्या घरात राहिला होता. नुसता रंग पाहून ओळख पटवायची, या चुकीसाठी काकांनी नवशिक्यांना फाडून खाल्लं असतं. त्यांना फार एकटं वाटलं, बायको गेली त्या दिवसापेक्षाही. त्या दिवशी निदान माणसं भेटायला आली होती.

"ही आमची नाही," एवढंच ते मुलीला म्हणाले आणि त्यांनी नळी स्वतःच्या हातानं जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात टाकली.

मग हात धुता धुता ते थांबले. सोनीची जात कातडीवर राहणारी, कोरड्यातही तग धरणारी. आणि एका अंथरुणात वर्षं काढलेल्या माणसांचे जंतू एकमेकांकडे राहायला जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नळ बंद केला, ताजी बशी घेतली आणि तिच्यात आपला अंगठा दाबला.

बशी घरी आली, स्वयंपाकघरातल्या फळीवर बसली. भीतीपोटी काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. शेवटी एका सकाळी झाकण न काढता ती खिडकीशी धरली. ठशावर पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता बाजार भरला होता, आणि कडेला एक पिवळा.

घरात सूक्ष्मदर्शक नव्हता. काकांनी बशी डोळ्यांजवळ नेली आणि त्या घरात कितीतरी वर्षांनी मोठ्यानं बोलले.

"हलू नकोस हं."