मॅटवरचा जोडीदार

आमच्या जोडीचं सांगलीत कौतुक व्हायचं, पण त्यातलं माझ्या वाट्याला किती येतं हे मला पक्कं ठाऊक होतं. डावाची सुरुवात आम्ही दोघं करायचो. मी विश्रामबागचा, तो कराडकडच्या एका खेड्यातून कॉलेजला आलेला. स्टान्स कसा घ्यावा, बॅट कुठून खाली आणावी, हे मी पुस्तकं आणून शिकलो होतो. हा गडी कोयत्यानं ऊस तोडावा तसा कट मारायचा आणि तो कट बघायला कोर्टातले कारकून अर्धी रजा टाकून यायचे. मी ऑफला सोडून दिलेला चेंडू बघायला कुणी रजा काढल्याचं ऐकिवात नाही.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. आमच्याकडे गवताची खेळपट्टी नव्हतीच. टणक जमिनीवर काथ्याची मॅट ताणून तिच्या कडांना खिळे ठोकायचे, की झालं पिच. चेंडू पडला की छातीपर्यंत उसळायचा, म्हणून आम्ही सगळे मागच्या पायावर खेळायला शिकलो. बुटांना खिळे चालत नसत, मॅट फाटायची. नाल मारायला आणलेल्या घोड्यासारखे आम्ही पाय वर करायचो आणि अंपायर तळवे बघून आत सोडायचा. सगळ्यांच्या पायांत सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट. गवतावर दुसरे बूट लागतात हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुस्तकं वाचणाऱ्या माझ्यासुद्धा.

साताऱ्याच्या सामन्याला पुण्याहून निवड समितीचे दोघे आले. मी जपून खेळलो आणि जपूनच बाद झालो. तो दिवसभर खेळला. मी पॅड न सोडता टाळ्या वाजवत बसलो, कारण थांबलो असतो तर लोकांच्या लक्षात आलं असतं. संध्याकाळी त्यातले एक गृहस्थ मुद्दाम माझ्याकडे आले. मी उठून उभा राहिलो. तुमचा जोडीदार राहतो कुठं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पुण्याच्या चाचणी सामन्याचं बोलावणं त्याला आलं. यात टिकला तर राज्याच्या संघात जागा. “तू बी चल की गड्या, एकट्याला करमायचं न्हाई,” म्हणाला. मी गेलो. मैत्रीखातर गेलो असं घरी सांगितलं, प्रत्यक्षात वाटभर देव पाण्यात घालून बसलो होतो. शिरवळला गाडी थांबली तेव्हा त्यानं आईनं बांधून दिलेली भाकरी सोडली, अर्धी मला दिली आणि सरळ बॅटीनं तुझ्याइतकं चांगलं कुणी खेळत नाही, खरं तर तुला बोलवायला हवं होतं, असं म्हणाला. निदान माजोरडा तरी असता, तर माझी सोय झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या मैदानावरचं गवत ओलं होतं. तरी तो सुरेख खेळत होता. मग दुसऱ्या धावेसाठी वळताना त्याचा सपाट बूट सटकला आणि तो भर मैदानात बसकण मारून बसला. धावचीत. लोक हसले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. तो बाहेर आला, बुटाचे तळवे बघितले आणि म्हणाला, “गवात लय निसरडं असतंय रं.” त्यालाही हसूच येत होतं. जेवणाच्या सुट्टीत पुण्याच्या एका जुन्या खेळाडूनं आपले खिळ्यांचे बूट त्याला देऊन टाकले. दुसऱ्या डावात ते घालून त्यानं असा खेळ केला की माझा आनंद तिथंच संपला. तो निवडला गेला.

पुढची दोन-तीन वर्षं मी वाचनालयात पेपर मागच्या पानापासून उघडायचो. त्याच्या धावा झाल्या असल्या की मला जेवण जात नसे. एकदा पेपरात त्याचा फोटो आला. आईनं तो मला दाखवला, बघ तुझा मित्र म्हणून. त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोललो नाही. मग धावा आटल्या आणि एके दिवशी संघाच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. मी ती यादी परत परत वाचली. क्लबात लोक हळहळले. मीही तोंडदेखला हळहळलो.

तो परत आला, साखर कारखान्यात नोकरीला लागला आणि पुन्हा आमच्याकडून खेळू लागला. पण गवतावर त्याला पुढचा पाय टाकायला शिकवलं होतं आणि मॅटवर तोच पाय त्याला नडायचा. चेंडू उसळून ग्लोव्हला लागायचा की झेल. मी आपला होतो तिथंच, मागच्या पायावर.

सातारकर सांगलीला आले त्या सामन्यात तो सुरुवातीलाच शून्यावर गेला. मी संध्याकाळपर्यंत उभा राहिलो आणि शतक काढलं. आयुष्यातलं पहिलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळलो ते आज माझ्या हातात होतं. बॅट काखेत मारून मी फाटकाशी आलो, तर हळदीच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या अडत्यानं माझं कोपर धरलं. आमचा एकही सामना तो चुकवत नसे. मी नम्र चेहरा करून थांबलो.

“उद्या दुसऱ्या डावात त्यो उतरनार न्हवं?” त्यानं विचारलं.

उतरणार, मी म्हणालो.

“मग येतो,” तो म्हणाला. “तुमी आज लय टिकला. उद्या जरा त्याला खेळू द्या.”

मी बरं म्हणालो.