पिवळ्याखालचं अस्तर

प्लास्टिकचं छोटं विमान जोडून झालं, की रंगाआधी मी त्यावर प्रायमरचा हात मारतो. नुसत्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, नखानेही निघतो. परवा घरात राखाडी प्रायमर होता, तोच मारला आणि वर पिवळा दिला. तीन हात झाले तरी विमान मळकंच दिसत राहिलं. मी रंगाच्या कंपनीला नावं ठेवली.

शेजारी मशीनवर ब्लाउज शिवत असलेल्या बायकोने मान वर केली.

"खाली काय लावलंत?"

"राखाडी."

"पिवळ्याला राखाडी अस्तर कोण लावतं? पांढरं लावायचं. उजेडात धरलं की खालचा रंग वर दिसतो."

अस्तर. या आतल्या कापडासाठी ती ब्लाउजपीस घेऊन चार दुकानं फिरते आणि मी बाहेर स्कूटरवर कुरकुरत बसतो. आत तर जाणार, कोण बघतंय, असं दर वेळी म्हणतो.

विमान घासून काढलं. पांढरा प्रायमर आणायला निघताना तिलाही म्हटलं, "चल, तुझं अस्तर बघू."

कापडाच्या दुकानात नुसत्या पांढऱ्या अस्तराचेच सहा प्रकार निघाले. मी एकेक उजेडात धरून बघू लागलो.