झऱ्याचा नमुना

हे सगळं मला नीट आठवतंय का, याची खात्री नाही. आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं. दगडांची वयं लक्षात राहिली, माणसांचं बोलणं घोटाळलं. तरी आमच्या झरा बचाव समितीचे किस्से इतके साचलेत, की एक सांगायला गेलं की चार मागे लागतात.

समिती म्हणजे तिघं. तासगावच्या पूर्वेला माळावर गंधकाचा झरा होता. त्याची राखण करणाऱ्या तानूबाई, निवृत्त सुभेदार आणि कराडहून एसटीनं जाणारा मी. खरूज-नायट्याला ते पाणी लागू पडतं म्हणून लोक लांबून यायचे. झरा आटत चालला होता. भोवतालची जागा कायद्यानं संरक्षित व्हावी, एवढीच धडपड. माझी भीती वेगळी होती. प्रस्तावावर सही माझी होती.

*

आंघोळ झाली की अंगावरचं जुनं कापड तिथंच टाकून मागं न बघता जायचं, ही रीत. दुखणंही तिथंच राहतं म्हणे. पाणी घाण होतं म्हणून आम्ही पाटी लावली: ‘येथे कपडे टाकू नयेत.’ पुढच्या रविवारी पाटी दिसेना. लोकांनी सगळे कपडे तिच्यावरच टांगले होते.

तानूबाई म्हणाल्या, “सर, खुंटी लय झ्याक केलीसा.”

*

सुभेदारांकडे शिट्टी असायची. साबण दिसला की वाजायची. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनाच त्यांनी बूट काढायला लावले. साहेबांनी विचारलं, कुठल्या कायद्यानं?

“कायदा यायचाय. तवर मी हाय.”

साहेब बूट हातात घेऊन चालले. घाम मला फुटला. प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर जाणार होता.

*

संरक्षित वर्तुळ मी आखलं, दोनशे मीटरचं. आत बोअर नको, खाण नको. चुकलं तर, या धास्तीनं टेप चार वेळा धरला. पाचव्यांदा निघालो तेव्हा तानूबाईंनी विचारलं, “सर, झरा हिकडं-तिकडं सरकतुया व्हय?”

*

मग पाण्याच्या तपासणीचा दिवस. नमुना मी माझ्या हातानं कुंडातून भरला, बाटली सील झाली, साहेबांची जीप ती घेऊन गेली. तेव्हा तानूबाईंनी मला बाजूला घेतलं.

“सर, रागवू नगासा. कुंड कोरडं दिसलं तर सायेब परत जातील म्हनून सुभेदारांनी सकाळी टँकर वतलाय.”

साधं पाणी निघालं तर झरा गेलाच, वर खोटा नमुना दिला म्हणून माझी बदनामी. सुभेदारांना गाठलं, तर म्हणाले, “गप ऱ्हावा सर. पानी ते पानी.”

दोन महिने फोन वाजला की मी उचलायचं टाळायचो. खरं कळवणारं पत्र तीनदा लिहिलं, एकदाही टाकलं नाही.

अहवाल आला. झऱ्याच्या जुन्या अहवालातलेच क्षार, तोच गंधक. जागा संरक्षित झाली, सुभेदारांनी पेढे वाटले. कुंडाच्या तळाशी थोडं मूळचं पाणी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. झरा मात्र आटतच गेला.

सात-आठ वर्षांनी तो टँकरवाला मला एसटी स्टँडवर भेटला. पाणी कुठलं होतं, ते त्यानं सांगितलं. मी त्यावर विसंबलो नाही. स्वतः जाऊन बाटली भरली, तपासून घेतली. तेच क्षार, तोच गंधक. टँकर भरला होता सुभेदारांच्या द्राक्षबागेतल्या बोअरवर. माझ्या वर्तुळाच्या बाहेर, अकरा पावलांवर.