श्रीनूच्या कार्डावरची खोडलेली ओळ

इथले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं गपचूप वाचतोय. कधी कमेंटसुद्धा टाकली नाही. खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसूच यायचं. मी लूमवर वाढलेला माणूस. धागा तुटला की तो कुठंतरी तुटलेला असतोच, शोधला की सापडतो... एवढंच मला कळतं. भुताखेतांवर आजही विश्वास नाही, आणि हे भुताचं आहे असंही मी म्हणत नाही. जे झालं ते सांगतो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू. पण मी आणि माझा धाकटा भाऊ श्रीनिवास – श्रीनू – दोघं मराठी शाळेत शिकलो, त्यामुळं तेलुगू बोलता येतं, लिहिता-वाचता येत नाही. अम्माला तर कुठलंच अक्षर येत नाही. तिनं जन्मभर विड्या वळल्या.

श्रीनू बाविसाव्या वर्षी प्रवाशांच्या बोटीवर लागला, धुलाई-इस्त्रीच्या कामाला. अम्माचा साफ नकार होता. जायच्या दिवशी ती रागानं त्याला म्हणाली, "गेलास तर परत तोंड दाखवू नको." तो गेला. दोन महिन्यांनी त्याचं पहिलं पिक्चर पोस्टकार्ड आलं आणि तिचा राग त्याच दिवशी संपला. पण हे त्याला कळायचं तर माझ्याकडूनच कळणार होतं.

अशी एकोणीस कार्डं आली. पुढं चित्र – कारंजं, बर्फाचा डोंगर, कुठलातरी किल्ला – आणि मागं अर्ध्या जागेत सहा-सात ओळी मराठीत. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी एकेक ओळ तेलुगूत करून सांगायचो. तिचं उत्तर ती तेलुगूत सांगायची, मी मराठीत लिहून त्याला बोटीवर लावणाऱ्या एजंटमार्फत पाठवायचो. दोघांच्या मधे मी एकटाच.

आता जे लिहितोय ते माझ्या बायकोलाही गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

अठरावं कार्ड पिवळ्या ट्रामचं होतं. त्यावर शेवटी लिहिलं होतं (अन्ना म्हणजे मी, थोरला भाऊ) – "अन्ना, इथं जीव लागत नाही. अम्माला विचार. ती ये म्हणाली तर पुढच्या महिन्यात निघतो. ती म्हणाल्याशिवाय येणार नाही."

ते मी वाचलंच नाही. तब्येत बरी आहे, ट्रामनं फिरला, एवढं सांगितलं आणि थांबलो.

का... तर वडील गेल्यावर दहावीतून लूमवर गेलो मी, पण अम्माचा जीव कायम श्रीनूत. तो गेल्यावर ती पहिल्यांदा माझ्या वाटेकडे डोळे लावून बसायला लागली. कार्ड आणणारा मी, वाचणारा मी. मी आल्याशिवाय जेवायची नाही. ते मला सोडवेना. बस, इतकंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

त्याच संध्याकाळी ती ओळ पेनानं गिरवून गिरवून काळी केली. अम्मानं विचारलं, हे काळं काय? म्हटलं, पावसात शाई पसरली असंल. आणि श्रीनूला उत्तर लिहिलं – अम्मा म्हणते, तिथंच राहा.

एकोणिसाव्या कार्डावर दोनच वाक्यं होती. "बरं. अम्माच्या मनासारखं होऊ दे." तिला सांगितलं, मजेत आहे म्हणतोय.

चार महिन्यांनी शेजारच्यांच्या फोनवर एजंटचा निरोप आला. बोटीवर ताप आला, कुठल्याशा बंदरात उतरवलं, तिथल्या दवाखान्यातच वारला. माती तिकडंच झाली. आमच्याकडं फक्त त्याची बॅग आली.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. अम्मा त्र्याऐंशीची आहे. काचबिंदूनं नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळतो. विड्या कधीच सुटल्या, पण बोटं थांबत नाहीत, दिवसभर पदराचं टोक वळत बसते.

गेल्या वर्षी पुण्याहून मुलीचा फोन आला. असली जुनी कार्डं लोक हौसेनं जमवतात म्हणे, फोटो काढून पाठवा. रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. दाराजवळ अम्मा कॉटवर, मी खाली फरशीवर कार्डं मांडलेली. तिला कसं कळलं माहीत नाही, म्हणाली, वाच की, बिड्डा. मला अजून बिड्डाच म्हणते, बाळ.

वाचत गेलो. म्हणजे पाठच होतं सगळं. ट्रामचं कार्ड आलं. नेहमीसारखं सांगितलं – बरा आहे, ट्रामनं फिरला – आणि थांबलो.

अम्माची बोटं थांबली. आणि तिचे ओठ हलले. "अन्ना, इथं जीव लागत नाही. अम्माला विचार..." शेवटच्या शब्दापर्यंत. मराठीत. तिचं मराठी बाजारापुरतं, तेही मोडकं. हे स्वच्छ होतं, शाळेत शिकलेल्याचं. आवाज तिचाच होता, मी शपथेवर सांगतो.

माझ्या हातातल्या कार्डावर तिथं नुसता काळा पट्टा. उन्हात धरला तरी अक्षर दिसत नाही. आणि जगात हे वाचलेला माणूस मी एकटा.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. म्हणाली, "मराठीत कोण बोलत होतं? कोणी पोरगा आला होता का?"

मी अम्माला विचारलं, तुला हे कोणी सांगितलं? ती म्हणाली, "आत्ता तूच वाचलंस की, बिड्डा."

मी वाचलं नव्हतं. की वाचलं? बायको म्हणते, तुमचा आवाज मला कळत नाही होय, पंचवीस वर्षं ऐकतेय. आम्ही तिघं एकाच घरात, आणि तिघांनी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ते ऐकलं.

मग मला राहवलं नाही. दोघींसमोर सगळं सांगून टाकलं. काळं केलेलं, उत्तरात लिहिलेलं, सगळं. बायको भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं अम्मा रडेल, शिव्या देईल. तिनं दाराच्या उजेडाकडं तोंड वळवलं.

"मी ये म्हणायची वाट बघत होता तो?"

हो म्हटलं.

"मी तर रोज म्हणत होते," ती म्हणाली. "विड्या वळताना रोज म्हणायचे, ये रे बाबा. तू समोरच बसलेला असायचास."

मी ऐकत होतो. रोज ऐकत होतो.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. कोणी म्हणालं मनाचा खेळ, कोणी म्हणालं तुम्हीच नकळत बोललात. असेल. तसं असतं तर बरंच झालं असतं... निदान एकदा तरी मी तिला पूर्ण वाचून दाखवलं, असं म्हणता आलं असतं.

अम्मा माझ्याशी बोलते. जेवलास का विचारते. कधीकधी कार्डं मागते, मी आणून देतो. ती हातात घेते, एकेक चाचपून मांडीवर ठेवते आणि मला म्हणते, तू जा, तुझं काम कर. वाच म्हणत नाही.