खोडलेल्या सह्या

लीनाचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. जर्मनमध्ये एकच ओळ. 'मामा इस्ट गेस्टोर्बन.' मामा गेले... आणि क्षणभर डोळ्यांसमोर सांगलीचे माझे मामा आले. मग लक्षात आलं, लीनाची मामा म्हणजे तिची आई, म्हणजे आमच्या वसुधाताई. दुःखाआधी असा गोंधळ झाला, हे ताईंना आवडलं असतं. कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळात छोटी लीना आईला 'मामा' अशी हाक मारायची, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने त्याच हसायच्या. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. इतके दिवस त्यांच्याबद्दल लिहायचं टाळलं, कारण लिहायचं तर एक खोटं कबूल करावं लागणार होतं.

ताई इतिहासाच्या. पुण्याहून संशोधनासाठी आल्या आणि इथल्याच झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दोन्ही मोठ्या पक्षांना वैतागलेल्या डाव्या मंडळींनी एक तिसरा पक्ष काढला होता. तो निवडणुकीत सपशेल आपटला आणि थोड्याच वर्षांत संपला. "जर्मनीत बसून अमेरिकेतल्या हरलेल्या पक्षाचा अभ्यास करणारी मराठी बाई मी एकटीच. स्पर्धाच नाही," असं त्या म्हणत. पक्षाच्या पुढाऱ्यांत त्यांना फारसा रस नव्हता. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव यायचं तर आधी मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागत, आणि ताईंना हवी होती ती सह्या करणारी माणसं. शिक्षिका, शिंपी, खाटीक. एका गावच्या वर्तमानपत्राने त्यांची नावं पत्त्यांसकट छापली. कुणाची नोकरी गेली, कुणाचे शेजारी बोलेनासे झाले, आणि कित्येकांनी घाबरून सह्या मागे घेतल्या. काही सह्या अधिकाऱ्यांनीच 'वाचता येत नाही' म्हणून खोडल्या, त्यातल्या बऱ्याच बाहेरच्या देशांतून आलेल्यांच्या. ही माणसं म्हातारी झाल्यावर ताई उन्हाळ्यात तिकडे जाऊन त्यांना भेटत. टिपणं मात्र मराठीत काढत. का, असं मी विचारलं होतं. "नाव छापून येण्याची त्यांना जन्मभर धास्ती. मराठीत लिहिलं की तेवढं तरी झाकलेलं राहतं."

तीन वर्षांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत बेट्रिब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती, स्थापन करायचं घाटत होतं. वरच्या लोकांना ते मुळीच रुचलं नव्हतं. येन्स नावाचा सहकारी उमेदवारांच्या यादीला पाठिंब्याच्या सह्या घेत फिरत होता. माझ्यापाशी आला तेव्हा मी फोनवर होते. समोर कागद आला, मी सवयीने सही ठोकली. पासपोर्टवर आहे तशी, मराठीत. शेजारचा नावाचा रकाना कोराच राहिला. दुसऱ्या दिवशी येन्स म्हणाला, ही सही कुणाची ते कळत नाही, त्यामुळे ती धरणार नाहीत. उद्या दुपारपर्यंत पुन्हा कर, नेमकी एकच कमी पडते आहे. मी हो म्हटलं खरं. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, माझा व्हिसा याच नोकरीला बांधलेला, मुलगा शाळेत. कंपनीने मनात आणलं असतं तर आम्हाला चंबूगबाळं आवरावं लागलं असतं.

संध्याकाळी तडक ताईंकडे गेले. वाटलं होतं, त्या म्हणतील, कर सही, घाबरतेस काय. त्यांनी सगळं ऐकून चष्मा काढला.

"सुटल्यासारखं वाटतंय ना?"

मी चिडले. "ताई, तुमचं बरं आहे. तुमच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे. तुमची घाबरलेली माणसं सगळी कागदावरची."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून मी तुला कर म्हणणार नाही. करू नको असंही नाही. फक्त दुसऱ्यांनी खोडली म्हणून गेली, असं स्वतःला सांगू नकोस. नाही केलीस, तर तू नाही केलीस."

त्या वाक्याचा मला फार राग आला. अजूनही थोडा आहे.

दुसऱ्या दिवशी मी येन्सच्या टेबलापर्यंत गेले. तो जागेवर नव्हता. कागद होता, पेन होतं. दोन मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. दुसरं कुणी पुढे आलं नाही, यादी बाद झाली. येन्स वर्षभरात आखनला दुसऱ्या नोकरीवर गेला. मला त्याने कधी एका शब्दानेही विचारलं नाही.

रविवारी ताईंना सांगितलं, केली सही. तेवढ्यावर थांबले नाही... पेन कसं उमटत नव्हतं, येन्स काय म्हणाला, बाहेर बर्फ कसं पडत होतं, आणि मग भलत्याच चुकीमुळे यादी कशी बाद झाली. अर्धा तास तरी बोलत असेन. ताई ऐकत होत्या. मध्येच उठून त्यांनी आणखी चहा टाकला. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर हळदीकुंकू झालं, दिवाळ्या झाल्या, त्यांचं आजारपण सुरू झालं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र त्यांच्या दारावरची बेल वाजवण्याआधी दरवेळी उत्तर तयार ठेवत असे.

गेल्या शनिवारी लीनाने बोलावलं. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. ताईंच्या वह्या विद्यापीठाला द्यायच्या होत्या. कुठल्या वहीत काय आहे ते मी सांगायचं आणि तिने चिठ्ठी चिकटवायची. ताईंच्या खोलीत अजून त्यांच्या खोकल्याच्या औषधाचा वास होता. एका वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, मुलाखतींना जाण्याआधी त्यांनी स्वतःसाठी काही सूचना लिहिल्या होत्या. शाई फिकी पडलेली. आमची ओळख होण्याच्या कितीतरी आधीची.

'सही टिकवलेली माणसं एका वाक्यात सांगतात. मागे घेतलेली माणसं बोलत राहतात... पेन, हवा, कोण काय म्हणालं. त्यांना तोडायचं नाही. खोटं पकडायचं नाही. चहा करायचा.'

मी पुन्हा वाचलं. म्हणजे त्या रविवारीच त्यांना कळलं होतं, आणि त्यानंतर मी दरवेळी तयार ठेवलेलं उत्तर द्यायची वेळ त्यांनी मुद्दामच माझ्यावर आणली नव्हती. मला लाज वाटली, आणि त्या गेल्यापासून पहिल्यांदाच रडू आलं.

"वास श्टेट दा?" लीनाने विचारलं. काय लिहिलंय?

व्हिसा, नवऱ्याची नोकरी, मुलाची शाळा, सगळं ओठांवर आलं. लीना चिठ्ठी हातात धरून थांबली होती.

"मी सही केली नव्हती," मी म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाही.