भिंगदादा आणि वाकडी पिल्लं

त्याला सगळे भिंगदादा म्हणायचे, कारण त्याच्या गळ्यात दोरीला कायम एक भिंग लटकलेलं असायचं. घरी जातानाही तो ते काढायला विसरायचा. बसचं तिकीट असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरची तारीख, हात आपोआप भिंगाकडेच जायचा. आमच्या मत्स्यबीज केंद्रात मी पंपांवर होतो आणि तो पिल्लांच्या खोलीत. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. त्यामुळे जे सांगतोय ते बहुतेक त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे, आणि थोडं त्याच्या मुलीकडून.

अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं माशाचं पिल्लू म्हणजे पापणीचा एक केस. आरपार दिसतं. सुरुवातीला ते पोटाला चिकटलेल्या पिवळ्या बलकावर जगतं. बलक संपला की त्याचं तोंड उघडतं, आणि तेव्हा तोंडासमोर खाणं नसेल तर खेळ आटोपला. खाणंही जिवंत लागतं. हिरव्या पाण्यात वाढवलेले डोळ्यांना न दिसणारे किडे, आधी त्यांना तेल आणि जीवनसत्त्वं चारायची आणि मग ते पिल्लांना द्यायचे. बरं, पिल्लं भित्री अशी की दार आपटलं, दिवा एकदम लागला, पाण्याचा झोत जोरात सुटला, तरी बिथरतात आणि खाणं सोडतात. भिंगदादा तिथं अनवाणी वावरायचा. शिंक आली की बाहेर पळत यायचा, मनसोक्त शिंकायचा आणि परत आत जायचा. त्याच्या बायकोनंसुद्धा एवढे लाड करून घेतले नसतील असं आम्ही म्हणायचो. तोही हसायचा.

पण त्याच्याकडे आणखी एक काम होतं, आणि त्याच्याबद्दल तो घरी चकार शब्द काढत नसे. पिल्लं जरा मोठी झाली की खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर ती थोडी थोडी घ्यायची, आणि ज्यांचा पाठीचा कणा वाकडा आहे ती वेगळी काढायची. कुणाची पाठ मध्येच खचलेली, कुणाची शेपटीकडून वळलेली. ती विकली जात नाहीत. त्यांची बादली वेगळी असायची आणि तिचं काय होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

भिंगदादाच्या मुलीची पाठ वाकडी होती.

एकुलती एक मुलगी. चालायला लागल्यावर उजवा खांदा वर दिसायला लागला, आणि पुढं पाठ एका बाजूला वळत गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला, व्यायाम दिले आणि कारण विचारल्यावर हात वर केले. आई रोज संध्याकाळी तिला पालथं झोपवून पाठीला तेल लावायची. त्याचा उपयोग होतो असं डॉक्टर म्हणाले नव्हते, पण नकोही म्हणाले नव्हते. मायलेकींची ती हक्काची वेळ होती. शाळेतल्या चहाड्या, मैत्रिणींची भांडणं, सगळं तेव्हाच निघायचं. भिंगदादा बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचा.

एका वर्षी वाकड्या पिल्लांचं प्रमाण फारच वाढलं. आमच्या मॅडमनी, म्हणजे केंद्राच्या शास्त्रज्ञ बाईंनी, महिनोन्‌महिने खपून त्याचा छडा लावला. टाक्यांमध्ये गर्दी जास्त होती, झोत जोरात होता, पाण्यावर तेलाचा तवंग धरत होता. पण मुख्य गोष्ट वेगळीच निघाली. अंडी घालणाऱ्या माद्यांचा चारा निकृष्ट आला होता, आणि त्यातच त्यांना सारखं या टाकीतून त्या टाकीत हलवलं जात होतं. सगळ्यांना बोलावून मॅडमनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "लक्षात ठेवा, पिल्लाचा कणा आईच्या ताटात तयार होतो."

भिंगदादाला कोण आनंद झाला. आता त्याची ती बादली रिकामी राहणार होती. त्या दिवशी तो घरी गेला तो हवेतच. जेवताना न राहवून त्यानं घरी पहिल्यांदाच त्या बादलीबद्दल सांगितलं, कारण कसं सापडलं ते सांगितलं, आणि मॅडमचं वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. बायको ऐकत होती. तिनं विचारलं, "आईनं नीट खाल्लं नाही की असं होतं?"

"खाल्लं नाही, किंवा जिवाला घोर लागला की," तो म्हणाला, आणि वर तिला आणखी वाढायला सांगितलं.

ती उठली, त्याला वाढलं, आणि स्वतःचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मुलीच्या पाठीला तेल लावणं सोडलं. आता तू मोठी झालीस, तुझं तू लाव, असं तिला सांगितलं. स्वतःच्या पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, वाकड्या पाठीवर तर नाहीच. मुलीनं बाटली घेतली आणि काही दिवसांनी तीही फडताळात मागं गेली. संध्याकाळी घर गप्प झालं. भिंगदादाला वाटलं, पोरगी वयात येतेय, आईची लुडबुड नको झाली असेल. त्यानं चौकशीही केली नाही.

त्याच्या ध्यानात आलं ते भलतंच. बायको जेवेनाशी झाली होती. दोघांना आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः दोन घासांवर उठायची. एकदा मुलगी शाळेत असताना त्यानं खनपटीलाच बसून विचारलं. बराच वेळ ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "ती पोटात होती तेव्हा तुमचा तो आधीचा कारखाना बंद पडला होता, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. काम शोधत तो दिवसभर वणवण करायचा आणि रात्री येऊन जेवायचा.

"तुम्ही विचारायचात, तू जेवलीस का. मी म्हणायचे, मघाशीच जेवले."

"मग?"

"जेवलेली नसायचे. घरात एकापुरतंच असायचं."

भिंगदादा मला म्हणाला होता, त्या क्षणी पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. त्याला फक्त आठवलं की तेव्हा आपण पोटभर जेवायचो, आणि बायकोच्या हाताला काय चव आहे म्हणून कौतुकही करायचो.

तो सरळ मॅडमकडे गेला. त्यांनी डोक्यालाच हात लावला. माशांचं माणसाला असं लावायचं नसतं, कणा वाकायला शंभर कारणं असतात, बऱ्याचदा तर कारण सापडतच नाही, हे त्यांनी त्याला समजावलं आणि दोन दिवसांनी स्वतः त्याच्या घरी गेल्या. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांनी सगळं पुन्हा, अगदी सोपं करून सांगितलं. तुमचा यात काडीचाही दोष नाही असं म्हणाल्या. बायकोनं चहा केला, मान डोलावली, दारापर्यंत पोचवायला गेली. परत येऊन म्हणाली, "चांगली बाई आहे. मूल नसेल तिला."

आणि त्याच्याकडून तिनं शब्द घेतला की यातलं अक्षरही मुलीला कळता कामा नये. त्यानं तो पाळला. पुढं इतकी वर्षं पाळला की त्याला तो पाळतोय याचाही विसर पडला. केंद्रात वाकडी पिल्लं खरंच कमी झाली. तो मन लावून काम करत राहिला, पण टेबलावर एखादं वाकडं आलंच तर ते उचलायला त्याला वेळ लागायचा. मी पाहिलंय.

मुलगी मोठी झाली. पाठीचं ऑपरेशन झालं, थोडा फरक पडला, पुरता नाही. बसायला त्रास व्हायचा, म्हणून तिनं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात उभ्यानं करायचं काम धरलं आणि त्यात तरबेज झाली. आईशी ती कधी वाकडं बोलली नाही. जवळही गेली नाही. शेजारणी म्हणायच्या, किती समजूतदार पोर आहे.

मग बायकोचं हृदय कमजोर निघालं आणि एका हिवाळ्यात ती गेली. मुलीनं सगळं निस्तरलं. फार रडली नाही.

काही दिवसांनी बापलेक तिचे कपडे आवरत बसले होते. मुलगी एक जुनी शाल घडी करत होती. अगदी साध्या आवाजात, जणू भाजीबद्दल बोलावं तशी, ती म्हणाली, "आईला माझी किळस यायची ना, बाबा?"

त्याला आधी कळलंच नाही.

"पाठीला हात लावायची नाही ती. लहानपणी लावायची, मग एकदम बंद. मला तेव्हाच कळलं होतं. मी काही बोलले नाही, म्हटलं तिला आणखी वाईट वाटेल."

भिंगदादानं शब्द मोडला. कारखाना, उपाशी पोट, बादली, मॅडमचं वाक्य, जेवताना ते आपणच म्हणून दाखवलं ते, सगळं सांगितलं. तिला हात लावला की आपण काय करून ठेवलंय ते हाताला लागतं, असं बायको त्याला नंतर एकदा म्हणाली होती, तेही सांगितलं. मुलीच्या मांडीवर शाल तशीच राहिली.

"तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"तिनं शपथ घातली होती."

"ती तुम्हाला जपत होती, तुम्ही तिला," ती म्हणाली. "मी त्याच घरात होते, बाबा."

मग मात्र ती रडली. आईसाठी असं नीट रडली ती तेव्हाच, आणि त्यानं जवळ जायला पाऊल उचललं तर तिनं हातानंच नको म्हटलं.

महिनाभरात तिनं कारखान्याजवळ खोली घेतली. भांडून नाही. तिनं मला सांगितलं, त्या घरात आता आईचा राग येत नाही, आणि रागाशिवाय तिथं कसं राहायचं ते मला कळत नाही. रविवारी ती येते, स्वयंपाक करते, दोघं जेवतात. बोलणं बेताचंच.

मागच्या महिन्यात अशाच एका रविवारी तिनं सांगितलं की ती लग्न करतेय. कारखान्यातलाच, पानं शिवणारा माणूस. भिंगदादा खूश झाला, आणि काही कळायच्या आत विचारून गेला, "त्याला सगळं सांगितलंयस ना? म्हणजे... पाठीचं?"

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. "त्याला डोळे आहेत, बाबा."

हे मला सांगताना तो डब्याचं झाकण नुसतंच फिरवत होता. चुकलंच माझं, म्हणाला, तोंडाला कुलूप घालायला हवं. मी विचारलं, मग पुढं काय झालं. काही नाही, तो म्हणाला. तिनं उरलेलं डब्यात भरून ठेवलं, उद्याला होईल म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून निघाली. तो थांब्यापर्यंत तिच्या मागं मागं चालत गेला. बस येईपर्यंत दोघं उभे होते. दोघांनाही पुष्कळ बोलायचं असावं, असं त्याला वाटलं.