नासिरच्या प्रोसेसरची सर्व्हिसिंग

चहा घ्या, आणि हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. कारण हा गाढवपणा मी केलाय, आणि तोही अशा कामात, ज्यात अख्ख्या लोणावळ्यात मी स्वतःला शहाणा समजतो!

गिटारचा प्रोसेसर माहितीये ना? पायाशी ठेवायची चपटी पेटी. स्विच दाबला की गिटारचा आवाज बदलतो, कधी घुमतो, कधी फाटतो. हल्लीच्या पेट्या हुशार झाल्यात. जुन्यांच्या पोटात मात्र एक बटणाएवढा सेल असतो, आणि वाजवणाऱ्याने जमवून ठेवलेले आवाज त्या सेलच्या जिवावर जगतात. सेल काढला की सगळं साफ! म्हणून आधी एकेका आवाजाचे आकडे कागदावर उतरवायचे, मगच सेलला हात लावायचा. हे मी किती जणांना दरडावून सांगितलंय म्हणता!

नासिर माझा जोडीदार. बारा वर्षं रिसॉर्टच्या कार्यक्रमांत आम्ही शेजारी उभं राहून वाजवलं. गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. अजूनही कार्यक्रमात डावीकडे बघायची माझी सवय जात नाही.

त्याच्या वडिलांचं, रज्जाकचाचांचं, कामशेतला तांदळाचं दुकान आहे. एक दिवस ते नासिरचा प्रोसेसर बारदानात गुंडाळून माझ्या दारात हजर.

"चालू व्हत न्हाई बग, बाळा. नासिरचं समदं ह्याच्यातच हाय म्हनत्यात. तेवढं एकदा मला ऐकव. दुसरं काय न्हाई मागत."

"चाचा, तुम्ही निर्धास्त जा," मी छाती काढून म्हणालो.

निर्धास्त! पेटी उघडली. वायर जिथे खुपसतात तिथला टाका सुटला होता, त्याला डाग दिला. काम तिथंच संपलं होतं हो! पण हात शिवशिवत होते. म्हटलं, एवढं उघडलंच आहे तर सेलही नवा टाकू. जुना उपटला, नवा बसवला, झाकण लावलं, पेटी चालू केली. लाल आकडे झकास पेटले.

आणि नासिरचा एकही आवाज नव्हता. होते ते कंपनीने भरून दिलेले.

मी खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. लाज कसली सांगायला? मित्र दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी मी घालवला.

दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन.

"झालं का रं?"

"होतंय चाचा! नाजूक काम आहे, आठ दिवस लागतील."

खरं सांगायची हिंमत झाली नाही. आठवून आठवून नासिरचे आवाज पुन्हा जमवायला बसलो. एक बटण इकडे, एक तिकडे. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, नासिरभाऊंचा आवाज घुमायचा. हा तर कण्हतोय!"

मग प्रायश्चित्त म्हणून पेटीची सेवा सुरू केली. धूळ काढली, नवी बटणं लावली. पायाचे स्विच जुने, कडक झालेले. तेही काढून नवे मऊ लावले आणि जुने घंटागाडीत टाकले.

रविवारी कामशेत. दुकानाच्या वरची नासिरची खोली. चाचा आणि चाची समोर बसले. मी गिटार जोडली आणि घाम पुसत एकामागून एक तीन आवाज वाजवले. चाचींनी डोळ्यांना पदर लावला. चाचा मात्र उठून पेटीपाशी बसले आणि अंगठ्याने स्विच दाबू लागले. एकदा, दोनदा, तीनदा.

"ग्वाड वाजवलंस. पन त्याचा आवाज कुटं गेला?"

घाईघाईने मी स्पीकर मोठा केला.

"त्यो न्हाई रं."

मी दुसरा आवाज लावला.

"ह्यो बी न्हाई. त्याचं गिटार आमी घरात कदी ऐकलंच न्हाई. खाली गिऱ्हाइकाचं बोलनं ऐकू यीना, म्हनून मीच म्हनलो, कानाला हेडफोन लाव. लावला बिचाऱ्यानं. मग वरनं नुसतं खट्ट, खट्ट यायचं. ह्यो पायानं दाबायचा ना, त्याचं. खट्ट झालं की समजायचं, पोरगं घरात हाय."

आठ दिवस ज्या आवाजांची नक्कल करत घाम गाळला, ते या माणसाने कधी ऐकलेच नव्हते! आणि जो एक ऐकला होता, तो मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकला होता.

मग मात्र सगळं सांगून टाकलं. सेल, नक्कल, स्विच, सगळं. चाचा पेटीवरून हात फिरवत राहिले.

"असू दे," शेवटी म्हणाले. "मुद्दाम केलंस व्हय? लय मेहनत घेतलीस त्याच्यासाटी."

आणि खाली दुकानात नेऊन त्यांनी मला पाच किलो इंद्रायणी बांधून दिला. मी नको नको म्हणालो, पण घेतला. आता तुम्हीच सांगा, दरोडा घालून निघालेल्याला वर कुणी तांदूळ बांधून देतं का हो?